गुरुदत्तची चौकशी

आधीच सांगून ठेवतो, मला राग लवकर येतो. आणि या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त राग माझा मलाच आलाय. तेव्हा मधेच माझा आवाज चढला तर त्यातल्या निम्म्या शिव्या मला स्वतःलाच आहेत असं धरून चाला.

गुरुदत्त माझा वीस वर्षांचा मित्र. इथे परदेशात, टाकानिनी नावाच्या उपनगरात, आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून राहतो. वय चव्वेचाळीस, अंगापिंडाने दणकट, हात एवढे मोठे की चहाचा कप त्याच्या हातात भातुकलीतला वाटतो. ईस्ट टामाकीच्या एका वेअरहाउसमध्ये त्याने अठरा वर्षं फोर्कलिफ्ट चालवली. आमच्या मराठी मंडळात कुणाला एअरपोर्टवरून आणायचंय, बोलवा गुरुदत्तला. कुणाचं घर बदलायचंय, फ्रिज उचलायला गुरुदत्त. कुणाच्या म्हातारीला डॉक्टरकडे न्यायचंय, तो हजर. घरात कोळी निघाला तर कागदावर घेऊन कुंपणापलीकडे सोडून येणारा माणूस आहे हा. आवाज तर इतका हळू की त्याची बायको ईशा म्हणते, 'याला भांडायला लावायचं तर आधी माइक द्यावा लागेल.'

मागच्या वर्षी त्या वेअरहाउसमध्ये यंत्रं आली आणि माणसं गेली. गुरुदत्त घरी बसला. सात महिने! सकाळी उठून दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि लॅपटॉपसमोर बसायचा. ईशा रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, जादा शिफ्ट करायला लागली. त्याची पोरगी मैत्रेयी एकदा मला म्हणाली, "Uncle, Baba irons his shirt to go nowhere."

आणि मग एक नोकरी चालून आली. उपद्रवी जनावरांचा बंदोबस्त करणारी एक छोटी कंपनी. ससे, रानबकऱ्या आणि पॉसम. पॉसम म्हणजे इथला झाडावरचा केसाळ प्राणी, जंगल आणि पक्ष्यांची अंडी फस्त करतो म्हणून अख्खा देश त्याच्या मागे लागलाय. मालकाला गुरुदत्त आवडला. पण अट एकच, बंदुकीचं लायसन्स. 'महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी जागा धरून ठेवतो, लायसन्स आण आणि जॉइन हो,' असं त्याने सांगितलं.

न्यू जर्सीतला माझा मेव्हणा हे ऐकून फोनवर म्हणाला, "म्हणजे काय, खिशात घेऊन फिरणार तो?" अरे, खिशात कसलं डोंबल! इथे पिस्तूल लपवून फिरायचं लायसन्स साध्या माणसाला मिळतच नाही. रायफल असेल तर घरी कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात. आणि लायसन्स हातात पडण्याआधी पोलिसांचा माणूस येऊन तुमची चौकशी करतो, तुमच्या बायकोची करतो, आणि घराबाहेरच्या, तुम्हाला नीट ओळखणाऱ्या एकाची करतो. हा माणूस बंदूक हातात देण्याच्या लायकीचा आहे का, एवढाच प्रश्न. पण तो फार बारकाईने विचारतात.

घराबाहेरचा माणूस म्हणून गुरुदत्तने माझं नाव दिलं.

ते ऐकलं आणि माझ्या हातातला चहा सांडला. कारण गुरुदत्तवर इथल्या कोर्टात एक गुन्हा सिद्ध झालेला आहे. मारहाण करून गंभीर इजा केल्याचा. आणि ज्याला मारलं तो माणूस मी आहे.

दोन हजार सातची गोष्ट. सँडरिंगहॅमच्या एका पडक्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं राहायचो. त्याचा मोबाइल बिघडला होता, म्हणून त्याच्या काकांनी चिंचवडहून फ्लॅटच्या फोनवर फोन केला. "आईला आयसीयूत ठेवलंय, गुरूला ताबडतोब फोन करायला सांग." मी डबल शिफ्ट करून आलो होतो. "सांगतो काका," म्हटलं आणि आडवा झालो. उठलो आणि विसरलो. साफ विसरलो! दोन दिवस आम्ही एकाच टेबलावर जेवलो, मॅच बघितली, आणि मला आठवलं नाही. तिसऱ्या दिवशी आई गेल्याचा फोन त्याने स्वतः उचलला.

मी स्वयंपाकघरात उभा होतो. त्याने विचारलं, "काकांनी तुला सांगितलं होतं?" मी म्हटलं, "अरे यार, राहूनच गेलं." राहूनच गेलं! अठरा वर्षं झाली, ते शब्द आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. ओट्यावर त्याच्या आईनेच दिलेला लोखंडी तवा होता. एकच फटका. डाव्या कानावर.

शेजारच्या सामोअन मावशींनी पोलिसांना बोलावलं. त्याची सिटिझनशिप नुकतीच झाली होती म्हणून देशाबाहेर काढलं नाही. शिक्षा म्हणून तीनशे तास समाजसेवा, म्हणजे दर शनिवार-रविवार जॅकेट चढवून रस्त्याकडेचं गवत काढायचं आणि पोरांनी रंगवून ठेवलेल्या भिंती घासायच्या. शिवाय रागावर ताबा ठेवायचा कोर्स. फोनची गोष्ट मी कोर्टात सांगितली नाही, आणि त्यानेही नाही. माझा कान गेला तो कायमचा गेला.

मला भेटायची कोर्टाची मनाई वर्षभराने संपली तेव्हा तो दारात आला. माफी वगैरे काही नाही, नुसता उभा. मीच म्हटलं, "आत ये, मूर्खा." तेव्हापासून तो माझ्या उजवीकडे बसतो. लग्नात, सिनेमात, बसमध्ये, कुठेही. आधी माझी उजवी बाजू शोधतो, मग खुर्ची. गाडीसुद्धा कायम तोच चालवतो, कारण इथे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि मी शेजारी बसलो की माझा चांगला कान त्याच्याकडे येतो. लोकांना वाटतं गुरुदत्तला ड्रायव्हिंगचा शौक आहे.

आता प्राचीचं सांगतो. प्राची माझी बायको. गुरुदत्तच्या चिंचवडच्या बिल्डिंगमधली, खालच्या मजल्यावरची. स्थळ त्यानेच आणलं. तिच्या वडिलांनी फोनवर विचारलं, "कानाला काय झालं?" मी ठोकून दिलं, "क्रिकेटचा बॉल लागला." गुरुदत्त माझ्यावर उखडला. "खरं सांग त्यांना," म्हणाला. मी म्हटलं, "काय सांगू? स्थळ आणणाऱ्यानेच तवा हाणला?" स्वतःच्या लग्नाआधी मात्र त्याने ईशाला कॉफी शॉपमध्ये बसवून सगळं सांगितलं होतं, अगदी कलमासकट. आणि प्राची? प्राची त्याला दादा म्हणते. पंधरा वर्षं न चुकता भाऊबीजेला ओवाळते. तिच्यासाठी माझा कान क्रिकेटमध्ये गेला.

तर त्या दिवशी मी चहा पुसत म्हटलं, "गुर्‍या, डोकं फिरलंय का तुझं? ते जुनं प्रकरण आता कुणाला दिसतही नसेल. इतक्या वर्षांनी कायद्यानेच कोरी पाटी होते ना?"

"नोकरीसाठी तपासलं तर कोरी दिसते," तो त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला. "बंदुकीसाठी नाही. तिथे सगळं उघडतं. दहा वर्षं उलटलीत म्हणून थेट बंदी नाही, एवढंच. पुढे माणूस कसा आहे ते बघून ठरवतात. मी फॉर्मवर सगळं लिहिलंय. ईशानेही चौकशीला आलेल्या बाईंना सगळं सांगितलं. आणि ज्याला मारलं त्याच्याइतकं मला कोण ओळखतं? तू फक्त एक कर, नित्या. खरं सांग."

"सांगतो रे," मी म्हटलं. काकांना म्हटलं होतं तसंच.

चौकशीला आलेल्या बाईंचं नाव नायरी. साठीच्या पुढच्या, पांढरे केस, हातात फाइल. "किया ओरा," असा इथला नमस्कार करत दारातच बूट काढले. प्राचीने सकाळपासून घर घासलं होतं. पोलिसांकडून बाई येणार म्हणजे पाहुणीच की! कांदेपोहे, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, शेजारी लाडू. नायरीबाई बसल्या आणि सौम्यपणे म्हणाल्या, "आपण दोघंच बोलूया का?" त्या अर्थातच इंग्रजीत बोलत होत्या, मी आपलं मराठीत सांगतोय. प्राची त्यांना पोहे वाढत होती. आलेल्या माणसाला वाढायचं आणि उठून आत जायचं, हे तिला जमणारच नाही. ती खुर्ची ओढून बसली. मीही छाती फुगवून म्हटलं, "आमच्यात लपवाछपवी नाही."

काय गाढव माणूस आहे मी!

समोर पोह्यांची बशी, समोर हसणारी बाई, आणि बाई विचारतायत, "गुरुदत्त माणूस म्हणून कसा आहे?" देवाशपथ सांगतो, मला ती लग्नाची चौकशीच वाटली. आपल्याकडे मुलीचा बाप मुलाच्या मित्राकडे येतो तेव्हा मित्र काय सांगतो? हिरा आहे म्हणतो! कुणी कधी म्हटलंय का, की हो काका, मुलगा चांगला आहे पण एकदा त्याने तवा घातला होता? नाही ना? झाकायचं असतं. ते पुण्यच समजतो आपण. मी सुटलोच. निर्व्यसनी, कष्टाळू, मनमिळाऊ, मुंगीसुद्धा मारणार नाही. हे शेवटचं सशांच्या नोकरीसाठी कितपत बरं, हा विचारही मनात आला नाही.

"कधी त्याला रागावलेलं पाहिलंय?" बाईंनी विचारलं.

प्राची माझ्याकडे कौतुकाने बघत होती. "दादा आणि राग?" ती हसून म्हणाली.

मी म्हटलं, "वीस वर्षांत एकदाही नाही."

"कधी कुणावर हात उचलला?"

"छे! कधीच नाही."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी फाइलमध्ये बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या कानातल्या मशीनकडे. "आणि तुमचा हा कान?"

प्राची तिथेच होती हो! लाडवाची बशी पुढे करत होती. मी काय करणार होतो? "क्रिकेटचा बॉल," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं, अगदी सावकाश. मग विचारलं, "तुम्हाला कुणाची भीती वाटते का, नितीश?"

"बायकोची!" मी म्हटलं. प्राची खो खो हसली. नायरीबाई हसल्या नाहीत. जाताना दारात त्यांनी मला कार्ड दिलं आणि हळूच म्हणाल्या, "केव्हाही फोन करा. एकटे असाल तेव्हा." मला वाटलं, किती अदबशीर बाई आहे. कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं.

गुरुदत्तने फोनवर विचारलं, "सगळं सांगितलंस ना?"

"फर्स्ट क्लास झालं," मी म्हटलं. "कामावर घालायचे बूट घेऊन टाक तू."

त्याने खरंच बूट घेतले.

तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी तो आला. पायात तेच नवे बूट होते, ते त्याने दारात काढले नाहीत. असं तो कधी करत नाही. हातात दोन पानी पत्र. काही न बोलता ते त्याने टेबलावर ठेवलं. मी चष्मा शोधेपर्यंत प्राचीने उचललं आणि मोठ्याने वाचायला लागली. लायसन्स नाकारलं, हे पहिल्याच ओळीत होतं. "असं कसं?" म्हणत ती पुढे वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

त्यात लिहिलं होतं की अर्जदाराने आपला गुन्हा स्वतः मांडला, पत्नीनेही तो मोकळेपणाने सांगितला, आणि ही गोष्ट त्याच्या बाजूने धरली. परंतु दुसरा साक्षीदार हा त्या गुन्ह्यात जखमी झालेलीच व्यक्ती असून, त्याने अशी घटना कधी घडलीच नाही असं सांगितलं आणि आपल्या दुखापतीचं खोटं कारण दिलं. ही व्यक्ती अर्जदाराच्या दबावाखाली किंवा भीतीखाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

भीती? मला? गुर्‍याची? मी त्याला वाचवायला खोटं बोललो, आणि त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की त्याने मला धाक घातलाय! तो एकटा खरं बोलला, त्याची बायको खरं बोलली, आणि त्याला बुडवलं कुणी? मी!

प्राचीने पत्र खाली ठेवलं. "जखमी झालेली व्यक्ती म्हणजे कोण?" तिने विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"मी मारलं याला, प्राची," गुरुदत्त म्हणाला. "तव्याने. आई गेली त्या दिवशी."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मला वाटलं आता त्याला घराबाहेर काढणार. "पंधरा वर्षं ओवाळतेय मी तुला, दादा," एवढंच ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली, आणि तिचा असा चेहरा मी लग्नानंतर कधी बघितला नव्हता. "त्याने एकदा मारलं. तू रोज खोटं बोललास. माझ्या बाबांशी, माझ्याशी, आणि माझ्याच हातचे पोहे खात त्या बाईंशी!"

"अगं, तू समोर बसली होतीस म्हणून..."

"म्हणजे चूक माझी?"

मी चष्मा शोधायला लागलो.

गुरुदत्त सोफ्यावर येऊन बसला. इतका गळून गेला होता की कधी नव्हे तो माझ्या डावीकडे बसला. मला त्याचं ऐकायला मान पूर्ण वळवावी लागली. "खरं सांग," तो म्हणाला. "तू मला घाबरतोस?"

"वेडा आहेस का?" मी ओरडलोच. "मी आणि तुला घाबरतो? ऐक, फेरविचाराचा अर्ज करता येतो, खाली लिहिलंय बघ. मी आत्ता लिहितो. तवा लिहितो, काकांचा फोन लिहितो, क्रिकेटचा बॉल लिहितो, मी किती मोठा गाढव आहे तेही लिहितो. उद्या सकाळी त्या नायरीबाईंच्या दारात जाऊन बसतो. तुझ्या मालकाला सांग, आणखी थोडे दिवस थांब म्हणावं. गुर्‍या, मी हे निस्तरतो!"

त्याच्या चेहऱ्यावर जरा धुगधुगी आली. "लिहिशील?"

"लिहितो म्हणजे काय! आण ते पत्र इकडे."

पत्र प्राचीसमोर, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होतं. ते घ्यायला त्याने माझ्या डोक्यावरून हात पुढे केला. तो मोठा हात, डावीकडून.

माझी मान खाली गेली. आपोआप. डोळे मिटले, खांदा वर आला आणि डावा हात जाऊन कानावर बसला. मी काही ठरवून केलं नाही हो. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं.

डोळे उघडले तर त्याचा हात तसाच हवेत. प्राचीने बघितलं होतं. त्यानेही. सतरा वर्षं तो माझ्या उजवीकडे बसत होता, म्हणून आम्हा दोघांनाही हे कधी कळलंच नव्हतं.

"अरे, हे... हे असंच," मी म्हटलं. "दचकलो रे. त्यात काय!"

त्याने हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही. मला त्याला मिठी मारायची होती, पण अंग हलेना.

"नको लिहूस, नित्या," तो शेवटी म्हणाला. "खरं लिहायला बसलास, तर हेही लिहावं लागेल."

मग तो उठला. टेबलाला वळसा घालून आला आणि नेहमीसारखा माझ्या उजवीकडे बसला. खिशातून फोन काढून त्याने त्या कंपनीच्या मालकाला लावला. "माझं लायसन्स झालं नाही," तो म्हणाला. "नाही, पुन्हा अर्ज करणार नाही. त्यांचं बरोबर आहे. तुम्ही दुसरा माणूस बघा." तो फार हळू बोलत होता, पण माझ्या चांगल्या कानाशी बसला होता, त्यामुळे मला एकूण एक शब्द ऐकू आला.